उन्हाचाही हिशोब धरा
स्मार्टवॉचची बॅटरी दोन वर्षांत बसते म्हणजे कंपनी मुद्दामच तशी बनवते असं काही जण म्हणतात, ते अर्धं पटतं. पण आपल्याकडचं ऊन कोणी धरलंच नाही. अ‍ॅपल वॉचच्या बहुतेक मॉडेलला कंपनीनेच वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलंय, आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात बॅटरीतला लिथियम सेल गरमीत फुल चार्ज ठेवला की अजून लवकर म्हातारा होतो.

माझं घड्याळ (दुसऱ्या कंपनीचं) दोन उन्हाळे केळीच्या बागेत हातावर होतं, तिसऱ्या वर्षी दुपारीच बंद पडायला लागलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणे सेल बदलत नाही, नवीनच घ्या, याचा खरंच राग आला. शेवटी जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका पोराने गरम करून डिंक सैल केला, स्क्रीन उचलली, सेल टाकला, पण आधीच स्पष्ट सांगितलं की भाऊ, आता कंपनीचं सील गेलं, पाण्यात घालू नका. तेव्हापासून ठिबकच्या नळ्या धुताना काढून खिशात ठेवतो, आणि दीड वर्ष झालं, मस्त चालू आहे.