मदत हवी आहे: जिप्सीत एमपीएफआय इंजिन बसवलंय, चढाला पेट्रोल तुटतं

गाडी कार्ब्युरेटरवाली मारुती जिप्सी किंग, पुण्यात. मूळ इंजिन काढून १.३ लिटर १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) बसवलंय, वायरिंग आणि ईसीएमसकट (इंजिनचा कॉम्प्युटर). इंजिनबदलाची आरसीवर रीतसर नोंद आहे.

टाकी मात्र जुनीच. तिच्यात पंप नाही, म्हणून चेसिसला बाहेरून हाय प्रेशरचा इनलाइन पंप लावला. सपाट रस्त्याला गाडी झकास पळते. टाकी पाव भरलेली असताना सिंहगडाच्या वळणांवर किंवा ताम्हिणीत चढाला पंपाचा आवाज एकदम चिरका होतो, पेट्रोलच्या प्रेशर गेजचा काटा पडतो आणि इंजिन गचके देतं. टाकी फुल असली की काहीच त्रास नाही.

गेजवर आयडलला अडीच बार दिसतं, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की तीन. फिल्टर नवा, पंपाला वेगळी रिले, चालू पंपावर व्होल्टेज १३ च्या वर. टाकी धुऊन घेतली, झाकणाचा व्हेंटही मोकळा आहे. त्यामुळे पंपावर माझा संशय नाही. पेट्रोल टाकीत सरकतं आणि पिकअप पाइप हवा ओढतो, असं वाटतं.

लांबच्या घाटवाटांना घरच्यांना घेऊन जायचंय, म्हणून जुगाड नको. मागच्या सीटखाली सर्ज टँक (पंपाला सतत पेट्रोल मिळावं म्हणून मधे लावतात ती छोटी टाकी) तर अजिबात नको, केबिनमध्ये पेट्रोल ठेवायचं नाही.

एमपीएफआय जिप्सीची पंपासकट टाकी जुन्या चेसिसच्या ब्रॅकेटवर जशीच्या तशी बसते का? आणि बसली, तर कार्ब्युरेटरच्या वेळची बारीक रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) चालेल, की तीही बदलावी लागेल?