मदत हवी आहे: मेजर संख्याशास्त्र घ्यावं की गणित?

नमस्कार मंडळी. माझी मुलगी माटुंग्याच्या कॉलेजात एफवाय बीएस्सीला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) ठरवायचे आहेत, आणि घरात रोज तीच चर्चा सुरू आहे.

तिला विमा क्षेत्रात अ‍ॅक्चुअरी, म्हणजे आकडेमोडीने जोखीम मोजणारी तज्ज्ञ, व्हायचंय. त्याची एसीईटी ही प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते, पदवीसाठी थांबावं लागत नाही, एवढं कळलंय. तिला आकड्यांचं मनापासून वेड आहे. घाटकोपर स्टेशनवर मेट्रोतून उतरणारी माणसं मोजून तिने वहीत तासांप्रमाणे आलेख काढलाय! त्यामुळे माझा कल संख्याशास्त्राकडे आहे. तिचे काका म्हणतात, गणित घे, पाया पक्का होतो. त्यातही तथ्य आहे, कारण पुढे आयआयटी मुंबईत एमएस्सी करायचं झालं तर जॅम या एमएस्सी प्रवेश परीक्षेच्या संख्याशास्त्राच्या पेपरातही कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स असतातच.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया सांगा: मेजर संख्याशास्त्र आणि मायनर गणित चालेल का? कॉलेज सांभाळून अ‍ॅक्चुअरीचे पेपर झेपतात का? आणि ऑनर्सचं चौथं वर्ष करावं की तीन वर्षांनी नोकरी धरावी? फॉर्म लवकरच भरायचाय.