बाटलीच्या काचेचे मणी का तडकतात?
टाकाऊ बाटल्यांचे मणी काही दिवसांनी आपोआप तडकतात, म्हणजे ती काचच दागिन्यांसाठी निकृष्ट, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला पटत नाही. इतकी वर्षे हेच काम करताना मला दोष बहुधा घाईतच सापडला आहे. ज्योतीवर घडवलेला मणी बाहेरून लवकर आणि आतून सावकाश निवतो, त्यामुळे काचेत ताण अडकून राहतो. तो घालवण्यासाठी मणी भट्टीत साधारण 540 अंश सेल्सिअसला काही वेळ ठेवून अगदी धिम्या गतीने थंड करावा लागतो. शिवाय दोन बाटल्यांची काच एकत्र वितळवली आणि त्यांचे प्रसरण जुळले नाही, तर सांध्याशी केसाएवढी चीर पडतेच. म्हणून मी एका दागिन्याला एकच बाटली वापरते आणि प्रत्येकीचे तुकडे वेगळ्या बरणीत ठेवते. पांढऱ्या, म्हणजे बिनरंगी पारदर्शक बाटलीचे जाड बूड उजेडाला धरले, की लोहाच्या अंशामुळे आलेली फिकट हिरवी झाक दिसते. विकतच्या काचेच्या रंगीत कांड्यांपेक्षा मला तीच अधिक प्रिय आहे. कडा घासताना मात्र काच सतत ओली ठेवावी आणि मास्क लावावाच, कारण ती बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते.