सफाईचा कंत्राटदार सरकारी कामाला लायक आहे का, हे तीन कागदांवर ठरतं?

निशिगंध:
परवा एकांनी लिहिलं होतं, "सरकारी सफाईच्या कामाला पात्रता बघायला तीन कागद पुरतात. तीन वर्षांची उलाढाल, काम समाधानकारक केल्याचा दाखला आणि सगळ्यांत कमी दर. बाकीच्या अटी म्हणजे मर्जीतल्या माणसाला काम देण्याची सोय." दोन ओळींत उत्तर देऊन विषय संपवणार होते, पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

मी एका सरकारी रुग्णालयाच्या कार्यालयात आहे. अकरा वर्षांत सफाईच्या चार निविदांचे तांत्रिक लिफाफे, म्हणजे पात्रतेच्या कागदांचे, माझ्यासमोर उघडले. त्यातल्या एका कंत्राटदाराचे तिन्ही कागद अगदी चोख होते. उलाढाल कोटीत, दाखले पाच. काम सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात मी रात्री अडीच वाजता न सांगता फेरी मारली. हजेरीपटावर २२ नावं, इमारतीत माणसं ९. प्रसूती विभागात एक बाई एकाच बादलीतल्या काळ्या पाण्यात पोछा बुडवून आधी शौचालय आणि मग बाळंतिणींच्या खाटांखालची फरशी पुसत होती. कायाकल्प या सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छता योजनेच्या तपासणीत तीन बादल्यांची पद्धत बघतात. आमच्या तिन्ही बादल्या भांडारात प्लास्टिकच्या वेष्टनात पडून होत्या, तपासणीच्या दिवशी तेवढ्या बाहेर यायच्या. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "हायपो संपून आठ दिवस झाले, नुसत्या पाण्यानं पुसतोय." हायपो म्हणजे जंतुनाशक द्रावण.

हे होणार हे त्याचा दर उघडला त्याच दिवशी कळायला हवं होतं. गणित साधं आहे. कामगाराला १०० रुपये किमान वेतन द्यायचं तर मालकाच्या बाजूचा पीएफ प्रशासकीय शुल्कासह १३, ईएसआय म्हणजे कामगार विमा ३.२५, बोनस ८.३३. झाले १२४.५८. रुग्णालय सातही दिवस चालतं आणि साप्ताहिक सुट्टी द्यावीच लागते, म्हणजे सहा जागांमागे सातवा माणूस. आकडा १४५ च्या आसपास गेला, आणि यात अजून पोछा नाही, हायपो नाही, गणवेश नाही, त्याचा नफाही नाही. आमच्या एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी दराच्या कंत्राटदाराचा सगळं मिळून दर १२८ होता. वरचे पैसे तो कुठून काढणार होता? बाईंच्या पगारातून, नाहीतर माणसं कमी करून.

माझं म्हणणं एवढंच की लायकी बघायची तर त्याच्या दरात कायद्याचा पगार बसतो का आणि मागच्या कामावर त्याने तो खरंच दिला का, हे बघा. उलाढाल बघून फरशी पुसली जात नाही.

जुना लेखापाल:
तुमची कळकळ पोचली. तरी ते तीन कागदांचं वाक्य माझंच होतं आणि मी त्यावर ठाम आहे. ३४ वर्षं लेखा विभागात काढली. "गुणवत्ता", "कामाचा आराखडा", "सादरीकरण" असे गुण ठेवले की काय होतं ते जवळून पाहिलंय. सादरीकरणाला एकाला २० पैकी १९ आणि दुसऱ्याला ७. का, याचं उत्तर फाइलमध्ये नसतं. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत दरासोबत गुणवत्तेला भारांक द्यायची मुभा दिली, तीही जास्तीत जास्त ३० टक्के. मर्यादा घालावी लागली, कारण गुण विकले जातात. कमी दर निदान मोजता येतो. उद्या लेखापरीक्षणाचा आक्षेप आला की सही करणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, रात्री अडीचला फेरी मारणाऱ्याला नाही.

भालदार:
ताई, मी याच धंद्यात १९ वर्षं आहे, १४० माणसं आहेत. तुमचं गणित बरोबर. एकच दुरुस्ती, वेतन १५ हजारांच्या वर गेलं तर पीएफ १५ हजारांवरच धरता येतो, तेव्हा १३ चे थोडे कमी होतात.

पण पगाराचं बोलता तर बिलाचंही बोला ना. माझं एका सरकारी कार्यालयाचं बिल सात महिने अडकलंय. अनुदान आलं नाही, साहेब बदलले, हजेरीपटावर शिक्का राहिला. पगार सात तारखेला द्यायचा आणि बिल सात महिन्यांनी घ्यायचं. घरचं सोनं दोनदा गहाण ठेवलं. म्हणून जे टिकतात ते कोण, तर ज्यांच्याकडे बाहेरचा पैसा आहे ते. त्यांना सफाईतलं काही कळत नाही, कळायची गरजही नाही. तुमची उलाढालीची अट त्यांच्यासाठीच आहे. आणि किमान वेतनातला महागाईचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी वाढतो, आमचा दर तीन वर्षं तोच. दरवाढीचं कलम टाका म्हटलं की निविदापूर्व बैठकीत सगळे खाली मान घालून बसतात.

निशिगंध:
बिलाचं मान्य, आमच्याकडेही उशीर होतो. पण तेवढ्याने बाईंचा पगार थांबवायचा हक्क मिळत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कलम २१(४) स्पष्ट होतं. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मुख्य मालकाने, म्हणजे काम देणाऱ्या कार्यालयाने द्यायचा आणि कंत्राटदाराच्या देण्यातून कापायचा. नव्या कामगार संहितेतही ते तत्त्व ठेवलंय. आमच्या कार्यालयात ते कलम एकदाही वापरलेलं मी पाहिलं नाही, हीही आमचीच चूक आहे.

लेखापालकाका, मी गुण मागितलेच नव्हते. माझी अट हो किंवा नाही अशी आहे. दरात कायद्याचा खर्च बसत नसेल तर लिफाफा बाद. यात मर्जी कुठे येते?

रानजाई:
इतका वेळ वाचत होते. माझी आई एका सरकारी दवाखान्यात १४ वर्षं सफाई करते. कंत्राटदार पाच बदलले, आई तिथेच आहे, मजला तोच, झाडूही बहुतेक तोच. दर वेळी नवा कंत्राटदार, नवा पीएफ क्रमांक, नवा ड्रेस, आणि ड्रेसचे पैसे पहिल्या पगारातून कापलेले.

तिसऱ्या कंत्राटदाराच्या वेळी पगार बँकेत येऊ लागला. कागदावर पूर्ण किमान वेतन. पण एटीएम कार्डं मुकादमाकडे. मी स्वतः पाहिलीत, रबर लावलेला गठ्ठा, प्रत्येक कार्डावर पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव आणि पिन. सात तारखेला तो पैसे काढायचा, साडेतीन हजार ठेवून उरलेले हातात द्यायचा. त्या कंत्राटदाराचे बँकेचे पुरावे, पीएफ भरल्याची चलनं, सगळं खरं होतं. तुमच्या तपासणीत तो पहिल्या फेरीत पास झाला असता, ताई.

निशिगंध:
याला माझ्याकडे उत्तर नाही. कागदाने हे पकडता येत नाही. जुन्या कामावरच्या चार बायकांना मुकादम नसताना भेटून विचारावं लागेल. आम्ही ते कधीच केलं नाही.

कडकशिस्त:
सगळे कंत्राटदाराच्या मागे लागलेत, कामगारांचं कोणी बोलत नाही. आमच्या सोसायटीत सहा जण ठेवलेत, चार दिसतात, दोन जिन्यात मोबाइल बघत बसतात. सरकारी ठिकाणी तर विचारायला नको. बायोमेट्रिक लावा, अंगठा नाही तर पगार नाही. निम्मा प्रश्न संपेल.

रानजाई:
तुमच्या सोसायटीचा इथे काय संबंध? आणि अंगठ्याचं म्हणताच आहात तर ऐका. आईच्या दवाखान्यात मशीन लागलं. पहिल्या महिन्यात तिचे ११ दिवस गैरहजर लागले. ती रोज पहाटे साडेपाचला हजर होती. मशीन अंगठाच ओळखत नव्हतं. १४ वर्षं फिनेल आणि शौचालयाच्या ॲसिडमध्ये हात. बोटांवरच्या रेषा गेल्यात हो तिच्या. गुळगुळीत झालीत बोटं. बँकेतही तोच त्रास, रेशनलाही तोच. हातमोजे दिले असते तर रेषा राहिल्या असत्या.

कडकशिस्त:
त्यांचं दुःख मी नाकारत नाही. पण एकीच्या बोटांमुळे सगळ्यांना सूट द्यायची का? चेहरा ओळखणारं ॲप आहे, ते लावा.

भालदार:
एकीची नाहीत. माझ्या १४० पैकी २०-२५ जणांचे अंगठे लागत नाहीत, सगळे शौचालयांवर काम करणारे. लिंबू लावून बघतात, डोक्याचं तेल लावून बघतात, सहा वेळा दाबतात. मागे लाइन लागते, शिफ्टचा अर्धा तास तिथेच जातो. ॲपचंही सांगतो. तळघरात रेंज नाही, आणि फोटो मुकादमाच्या मोबाइलवर घरबसल्या काढलेले मी पाहिलेत. हजेरी यंत्राने खरी होत नाही. पाळीची परिचारिका सही करते तेव्हा खरी होते, कारण घाण कोणाच्या डोळ्यांसमोर राहते तर तिच्या.

कडकशिस्त:
परिचारिका कंत्राटदाराच्या ओळखीची निघाली तर?

निशिगंध:
२२ ऐवजी ९ माणसं होती तेव्हा तक्रारवहीत तीन महिन्यांच्या नोंदी परिचारिकांच्याच होत्या. ती वही बिलाला जोडायची नसते, म्हणून कोणी उघडली नाही. बिलाला हजेरीपट जोडतात, आणि तो मुकादमच भरून आणतो. अंगठा, चेहरा, सही यावर इतकं भांडण्यापेक्षा ती वही बिलाला जोडली असती तर दुसऱ्याच महिन्यात पैसे कापले गेले असते.

कडकशिस्त:
बरं. वहीचं पटलं. मोबाइल बघत बसण्याचं माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही.

रानजाई:
पहाटे साडेपाच ते दुपारी दोन उभ्याने काम केल्यावर कोणी दहा मिनिटं जिन्यात बसलं तर तुमचं काय बिघडलं? कामगारांना बसायला एक बाकडं तरी आहे का तुमच्या सोसायटीत? खरंच विचारतेय.

मॅनहोल:
पात्रतेवरच एक सांगायचंय. मी मलनिस्सारणात अभियंता होतो. सफाईच्या निविदेत "चेंबर व सेप्टिक टँक सफाईसह" अशी एक ओळ हळूच घातलेली असते. कंत्राटदाराकडे यंत्र आहे का, हे विचारत नाहीत. मग वॉर्डातल्याच माणसाला खाली उतरवतात. २०१३ च्या कायद्याने असं उतरवणं गुन्हा आहे, आणि मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला ठरवून दिली. ती ओळ निविदेत असेल आणि यंत्र नसेल तर तो नापास. याला कसले गुण लागत नाहीत.

जुना लेखापाल:
माझ्या वाक्यावरून इतकं झालं, तर बोलणं भाग आहे. निशिगंध, हो-नाहीची अट मला मान्य करावी लागतेय, कारण ती मोजता येते. शून्य सेवाशुल्काची, म्हणजे कंत्राटदार स्वतःसाठी काहीच घेत नाही अशी बोली अग्राह्य धरा, असं अर्थ मंत्रालयाने २०१४ मध्येच सांगितलं होतं. मग लोक शून्याऐवजी एक पैसा भरू लागले, हे माझ्याच टेबलावर घडलं. आम्ही ते स्वीकारलं, नियमात बसत होतं म्हणून. आज वाटतं, टिपणीत एक प्रश्न तरी लिहायला हवा होता. पण कामगारांना भेटून लायकी ठरवण्याला माझा विरोधच आहे. त्या चार बायका कोण निवडणार? कंत्राटदारच पढवून पाठवेल.

रानजाई:
काका, पढवलेली बाई आणि घाबरलेली बाई यातला फरक दोन मिनिटांत कळतो. मुळात १४ वर्षं तेच काम करणाऱ्या बाईला कंत्राट कशाला? मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये कायम ठेवला. काम कायमचं असेल तर कंत्राटदाराची लायकी तपासायची वेळच येणार नाही.

भालदार:
तसं झालं तर मी घरी बसेन, आणि तरीही चूक म्हणणार नाही. तोवर तुम्हाला माझ्यासारख्यांशीच काम आहे. ताई, तुमची पुढची निविदा कधी? मागच्या सहा महिन्यांची कामगारवार पीएफ यादी मागा, नुसतं चलन नको. चलन दुसऱ्या साइटचं दाखवता येतं, यादीत नावं असतात. ती नावं हजेरीपटाशी जुळवा. मी पहिल्या दिवशी आणून देतो. फक्त बिल ३० दिवसांत देण्याचं कलम टाकाल का?

निशिगंध:
पुढच्या महिन्यात निविदापूर्व बैठक आहे. दोन्ही कलमं मसुद्यात घालते, तक्रारवही बिलाला जोडण्याचंही. बिलाचं कलम वर गेल्यावर काढतील अशी भीती आहे. काढलं तर कोणी आणि का काढलं, ते फाइलवर लिहून मागेन.

रानजाई, आईंच्या पाच पीएफ खात्यांचं काही केलंत का? ती एका यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायमच्या एकाच क्रमांकाखाली आणून घ्यायला हवीत.

रानजाई:
तीन सापडली. चौथ्याचा क्रमांक जुन्या पगारपत्रकावर अर्धवट दिसतोय. पाचव्या कंत्राटदाराचं नावच आईला माहीत नाही, मुकादमाचं तेवढं आठवतं. दवाखान्याच्या कार्यालयात विचारायला गेले, तर म्हणाले, ती फाइल निकाली काढली.