कायदा ‘लागू होतो’ की न्यायालय तो ‘लावते’?

प्रश्न : अमेरिकेतील एका खटल्याचा सारांश मराठीत लिहिताना ‘चॉइस ऑफ लॉ’ या संज्ञेपाशी अडलो आहे. वादी एका राज्याचा रहिवासी, प्रतिवादी दुसऱ्या राज्याचा आणि घटना तिसऱ्याच राज्यात घडलेली असेल, तर कोणत्या राज्याच्या कायद्याने निवाडा करायचा हे न्यायालयाला आधी ठरवावे लागते. या ठरवण्याला मराठीत काय म्हणावे? ‘अधिकारिता’, ‘विधिसंघर्ष’ आणि ‘कायद्याची निवड’ असे तीन शब्द वाचनात आले. ते समानार्थी आहेत का?

उत्तर : नाहीत. त्यांपैकी ‘अधिकारिता’ हा शब्द तर येथे वापरूच नये, कारण त्याने अर्थाचा घोटाळा होतो. अधिकारिता म्हणजे दावा ऐकण्याचा न्यायालयाचा अधिकार. दावा आपल्याकडे चालवूनही एखादे न्यायालय निकाल मात्र शेजारच्या राज्याच्या कायद्याने देऊ शकते. दावा कोठे चालणार आणि तो कोणत्या कायद्याने चालणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

‘विधिसंघर्ष’ हे ज्ञानशाखेचे नाव म्हणून चालेल. जोसेफ स्टोरी यांनी १८३४ मध्ये या विषयावरील आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ लॉज’ हेच शब्द योजले आणि ते रूढ झाले. पण मराठीत ‘संघर्ष’ म्हटले की झगडा डोळ्यांसमोर येतो. येथे दोन राज्यांत भांडण नसते. दोन्ही कायदे आपापल्या ठिकाणी सुखेनैव नांदत असतात आणि एखाद्या दाव्यातच ते समोरासमोर येतात. शाखेचे नाव घेऊन न्यायालयाची क्रिया सांगू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

उरली ‘निवड’. करार करतानाच पक्ष जेव्हा ‘या करारास अमुक राज्याचा कायदा लागू राहील’ असे कलम घालतात, तेव्हा तेथे खरोखर निवड होते, आणि त्या कलमाला ‘कायदानिवडीचे कलम’ म्हणणे अचूक आहे. न्यायालय मात्र मनास येईल तो कायदा उचलत नाही, नियमांना धरून निर्णय करते. म्हणून त्याच्या क्रियेला मी ‘कायदानिश्चिती’ म्हणेन. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्दप्रयोग चालतो, पण मराठीत भेद करता येत असताना तो का सोडावा?

याहून महत्त्वाची गोष्ट क्रियापदांची आहे. मराठीत कायदा ‘लागू होतो’, सरकार तो ‘लागू करते’ आणि न्यायालय तो ‘लावते’. ‘लागू करणे’ म्हणजे अंमलात आणणे, त्यामुळे ते क्रियापद न्यायालयाच्या नावावर टाकू नये. पण ‘लागू होणे’ आणि ‘लावणे’ यांतला फरक या विषयाच्या गाभ्यालाच भिडतो, आणि तो दोन खटले शेजारी ठेवले की स्पष्ट दिसतो.

पहिला खटला अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये निकाली काढला. कॅरॉल नावाचा ब्रेकवाला (गाडीचे ब्रेक सांभाळणारा रेल्वे कामगार) अलाबामाचा, रेल्वे कंपनी अलाबामाची आणि नोकरीचा करारही अलाबामातलाच होता. डब्यांना जोडणारी सदोष कडी तपासण्यात हयगय झाली तीही अलाबामातच, परंतु कडी तुटली तेव्हा गाडी मिसिसिपीच्या हद्दीत शिरलेली होती. सहकाऱ्याच्या चुकीमुळे झालेल्या इजेची भरपाई अलाबामाच्या कायद्याने मालकाकडून मिळाली असती, पण मिसिसिपीच्या कायद्याने मिळत नव्हती. न्यायालयाने इजा झाली ते स्थळ निर्णायक मानले आणि ब्रेकवाल्याला काहीही मिळाले नाही. येथे ‘मिसिसिपीचा कायदा लागू झाला’ हेच वाक्य योग्य, कारण त्या विचारसरणीत हक्क घटनास्थळीच जन्मतो आणि न्यायालय केवळ त्याची दखल घेते. १९३४ मध्ये अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या कायदेतज्ज्ञांच्या संस्थेने केलेल्या नियमसंकलनाचा पायाही हाच होता.

दुसरा खटला म्हणजे न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा १९६३ चा ‘बॅबकॉक विरुद्ध जॅक्सन’. न्यूयॉर्कमधील मंडळी मोटारीने शनिवार-रविवारच्या सहलीसाठी कॅनडात गेली आणि ऑन्टॅरिओ प्रांतात त्यांची मोटार रस्ता सोडून दगडी भिंतीवर आदळली. फुकट नेलेल्या प्रवाशाला चालकाविरुद्ध नुकसानभरपाई मागता येणार नाही, असा ऑन्टॅरिओचा त्या वेळचा कायदा होता. न्यूयॉर्कमध्ये तशी आडकाठी नव्हती. पाहुणी (जखमी प्रवासी बॅबकॉक) आणि यजमान (चालक जॅक्सन) न्यूयॉर्कचे, मोटार तेथे ठेवली जाणारी, तिचा विमा तेथे उतरवलेला आणि सहलही तेथूनच निघालेली. अशा स्थितीत अपघाताचे ठिकाण हा योगायोग ठरवून न्यायालयाने न्यूयॉर्कचा कायदा ‘लावला’. येथे ‘लागू झाला’ असे लिहिले, तर न्यायालयाने केलेला सगळा विचार वाक्यातून गळून पडतो.

शंका : ऑन्टॅरिओ तर राज्य नव्हे, परदेशातील प्रांत आहे. मग ‘कायदानिश्चिती’च्या व्याख्येत ‘कोणत्या राज्याचा कायदा’ असे शब्द कसे बसतील?

उत्तर : शंका रास्त आहे. मराठीत ‘राज्य’ म्हणजे संघराज्याचा घटकही आणि सार्वभौम सत्ताही, त्यामुळे व्याख्येत तो शब्द संदिग्ध ठरतो. तेथे ‘कोणत्या प्रदेशाचा कायदा’ असे लिहावे. केवळ अमेरिकेतील राज्यांबद्दल मजकूर असेल तर ‘राज्य’ ठेवायला हरकत नाही.

आणखी एक सावधगिरी सुचवतो. ‘दाव्याला कोणता कायदा लावला’ असे सरसकट लिहू नये, ‘कोणत्या मुद्द्याला’ असे लिहावे. बॅबकॉक खटल्यातच न्यायालयाने स्पष्ट केले की, चालकाने गाडी काळजीपूर्वक चालवली का हा मुद्दा असता तर रस्त्याचे नियम जेथे मोडले गेले त्या प्रदेशाच्या कायद्याला सहसा प्राधान्य मिळाले असते. प्रवाशाला भरपाई मागता येते का, हा मुद्दा निराळा. १९७१ च्या दुसऱ्या नियमसंकलनानेही मुद्द्यागणिक विचार करण्याची पद्धत स्वीकारली आणि त्या मुद्द्याशी ज्या राज्याचा सर्वाधिक अर्थपूर्ण संबंध असेल त्याचा कायदा धरावा असे सांगितले. तरीही अलाबामा, जॉर्जिया, मेरीलँड, व्हर्जिनिया यांसारखी काही राज्ये अपकृत्याच्या (म्हणजे कराराबाहेरील चुकीमुळे झालेल्या हानीच्या) दाव्यांत अजून घटनास्थळाचाच नियम पाळतात. आपला सारांश त्यांपैकी एखाद्या राज्यातील खटल्याचा असेल, तर ‘लागू झाला’ हेच क्रियापद ठेवावे.