साध्या सर्दीला वैमानिक जमिनीवर का?

प्रश्न (दादर): भाचा हवाई दलात लढाऊ विमान चालवतो. नुसतं नाक चोंदलं तरी उड्डाण बंद! एवढं कशाला?

उत्तर १: कानांसाठी. वर जाताना मधल्या कानातली हवा आपसूक बाहेर पडते; उतरताना मात्र घशाकडची नळी उघडावी लागते. ती सुजलेली असली की पडदा आत ओढला जातो, फाटूही शकतो. 18,000 फुटांवर हवेचा दाब जवळपास निम्मा असतो, आणि लढाऊ विमान फार झपाट्याने खाली येतं.

उत्तर २: दुकानातली सर्दीची गोळी मात्र देऊ नका, बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. स्क्वाड्रनच्या डॉक्टरांनाच विचारू दे.

उत्तर ३: नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा दाबायची. दोन्ही कान ‘टक्’ वाजले तर नळी मोकळी. जोर अजिबात नको. रजेवरून परततानाही नाक बंद असेल तर मुंबईहून रेल्वेच बरी.