कोविडनं मुंबईकराला चालायला लावलं, हे खरं आहे का? (चर्चा, टोपणनावांनी)

सातरस्ता: साथीच्या काळात मुंबईकर पायी फिरायला लागला, असं हल्ली बिनदिक्कत बोललं जातं. पुरावा म्हणून मरीन ड्राइव्हवरची सकाळ आणि २७ मार्च २०२२ ला सुरू झालेले ‘संडे स्ट्रीट्स’ दाखवतात. मला हे पटत नाही. रविवारी रस्ता गाड्यांना बंद केला की लोक येणारच, त्यातून रोजचं चालणं कळत नाही.

या शहराची पायी रहदारी स्टेशनाला बांधलेली आहे. लोकलनं रोज ७५ लाखांच्या आसपास प्रवासी जायचे-यायचे. शेअर रिक्षा किंवा बेस्ट धरली तरी जिना, पूल आणि फलाट पायीच. २३ मार्च २०२० ला लोकल थांबली. १५ जूनपासून फक्त अत्यावश्यक सेवेतले लोक. १ फेब्रुवारी २०२१ ला सर्वांना मुभा मिळाली तीही पहाटेपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. एप्रिलमध्ये पुन्हा बंदी आणि १५ ऑगस्टपासून दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांना प्रवेश. लोकल बंद झाली तेव्हा चालणं घटलं, आणि ती सुरू झाली तसं परतलं. सवय बदलली असं म्हणायला जागा कुठे आहे?

गल्लीबोळ: तुम्ही स्टेशनाचंच चालणं मोजताय. जून २०२० च्या शेवटी पोलिसांनी खरेदी आणि व्यायामासाठी घरापासून २ किलोमीटरची हद्द घातली होती. त्या हद्दीत दूध, भाजी, औषधं बहुतेकांनी पायीच आणली. या फेऱ्या कुठल्याच तिकिटावर उमटत नाहीत.

आणि चालण्याची जागाही बदलली. ५ जूनपासून दुकानं सम-विषम तारखांना, एक दिवस रस्त्याची एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी. म्हणजे सगळी वर्दळ एकाच फूटपाथवर. दुकानासमोर सहा-सहा फुटांवर आखलेले गोल. दहा गिऱ्हाइकं उभी राहिली की ५०-६० फूट फूटपाथ रांगेतच गेला. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मते फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. दोघांमधलं सहा फुटांचं अंतर म्हणजे तेवढंच! समोरून माणूस आला की एकाला रस्त्यावर उतरावंच लागायचं.

सातरस्ता: वर्णन मान्य. आकडा?

मोजपट्टी: आकडे म्हणून जे फिरतात ते दोघांच्याही कामाचे नाहीत. गूगलचे मोबिलिटी अहवाल, म्हणजे फोनच्या ठावठिकाण्यावरून लोकांच्या ये-जा करण्याचा हिशेब, ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० मधल्या त्याच वाराच्या मध्यकाशी (मधल्या आकड्याशी) तुलना करायचे. मुंबईत हा बागेत फिरण्याचा हंगाम. त्याच्याशी जुलैचा पाऊस ताडला तर घट दिसणारच, साथ असो वा नसो. शिवाय ते कुठे गेलात ते सांगायचे, कसे गेलात ते नाही. ॲपलचा आकडा तर पायी जाण्याचा मार्ग किती जणांनी फोनला विचारला एवढाच. रोजच्या भाजीवाल्याकडे जायला फोन कोण विचारतं?

यारा काठ, मेलबर्न: इथे महापालिका २००९ पासून सेन्सरनं पादचारी मोजते. छज्ज्याखाली किंवा खांबावर यंत्र, ताशी नोंद, दोन्ही दिशा वेगळ्या, चित्रीकरण नाही. पण सगळी यंत्रं महापालिकेच्या हद्दीत, म्हणजे शहराच्या गाभ्यात. २०२० च्या कडक टाळेबंदीत घरापासून ५ किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी होती, सुरुवातीला व्यायामाला दिवसाला एक तास. उपनगरातला माणूस आपल्या गल्लीत चालला, तिथे यंत्रच नव्हतं. नोंदीत फक्त गाभा ओस पडलेला दिसतो. त्यामुळे यंत्र कुठे लावता यावर उत्तर ठरतं.

गल्लीबोळ: हेच माझं म्हणणं. स्टेशनाच्या पुलावर मोजाल तर सातरस्ता बरोबर, गल्लीत मोजाल तर मी.

मोजपट्टी: मग दोन्हीकडे मोजा. यंत्र नसलं तरी चालतं. दुकानाचं दार नाही अशा ठिकाणी फूटपाथवर आडवी रेघ मनात धरायची. ती ओलांडणारा प्रत्येक जण मोजायचा, येणारे आणि जाणारे वेगळे, दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना. त्याच रेघेवर गाडीरस्त्यावरून चालणारे तिसऱ्या रकान्यात, नाहीतर निम्मी माणसं हिशेबातून गळतात. नुसते उभे असलेले धरायचे नाहीत. मंगळवार ते गुरुवारमधला एक दिवस आणि एक रविवार घ्यावा, सणाचा दिवस टाळावा, पावसाची नोंद करावी. फेरीवाले, खांब आणि लावलेल्या स्कूटर वजा जाऊन उरलेली रुंदी टेपनं मोजावी.

सगळ्यात जास्त चूक होते ती स्टेशनाबाहेर. गाडी लागली की लोंढा येतो, मग रस्ता मोकळा होतो. लोंढ्याची पाच मिनिटं मोजून बारानं गुणलं तर आकडा फुगतो. पूर्ण तास उभं राहावंच लागतं.

सातरस्ता: पद्धत पटली, निष्कर्ष नाही. २०१९ ची अशी मोजणी गल्ल्यांमध्ये कोणी केलेली असेल तरच ‘वाढलं’ म्हणता येईल. स्टेशनाचं निदान तिकीटविक्रीवरून मागे जाऊन ताडता येतं.

गल्लीबोळ: आधी मोजलं नाही म्हणून झालंच नाही असं होत नाही. दादर पूर्वेच्या दोन गल्ल्या आणि स्टेशनाचा एक पूल, एकाच बुधवारी सकाळी ८ ते ११ मोजू या. तीन माणसं लागतील, एक पुलावर तुमचा.